डबा तुमचा, कँटीन कंपनीचे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या एक ताई गेली चार वर्षे स्वतःच्या ब्लॉगवर रोजच्या खाण्याविषयी लिहितात. सकाळी गोकुळपेठेत खाल्लेले तर्री पोहे, आईने डब्यात दिलेली पाटवडी, कँटीनची डाळ, उपासाच्या दिवशी कार्यालयात होणारी पंचाईत, असे साधे विषय असतात. गेल्या महिन्यात त्यांना मनुष्यबळ विभागाचे पत्र आले. कंपनीविषयी किंवा कंपनीच्या आवारातील कोणत्याही गोष्टीविषयी वैयक्तिक लेखन करण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी आणि आधीचे सर्व लेखन पंधरा दिवसांत काढून टाकावे, असे त्यात म्हटले आहे. त्यांचे विचारणे असे की, मी फक्त जेवणाविषयी लिहिते, मग कंपनी मला अडवू शकते का, आणि यावरून नोकरी जाऊ शकते का? शिवाय जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असलेल्या त्यांच्या मोठ्या बहिणीलाही त्यांच्यासोबत लिहायचे आहे, तर तिला चालेल का?

मी हिंगणा आणि बुटीबोरी येथील कारखान्यांत कर्मचारी विभागात सव्वीस वर्षे काम केले आणि आता सल्लागार म्हणून कंपन्यांचे असेच नियम लिहून देतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, घरच्या डब्यावर, रस्त्यावरच्या पोह्यांवर आणि तुमच्या खाण्याच्या सवयींवर तुम्ही काय लिहावे हे कंपनी ठरवू शकत नाही. मात्र तुमचे ताट ज्या क्षणी कँटीनच्या टेबलावर येते त्या क्षणी ते लेखन केवळ जेवणाचे राहत नाही, आणि तुम्हाला वाटते तितके ते निरुपद्रवीही नसते. हा दुसरा भाग बहुतेकांना पटत नाही, म्हणून त्यावर जरा अधिक लिहितो.

२००९ सालची गोष्ट आहे. मंदीचे दिवस होते आणि बुटीबोरीतल्या ज्या कारखान्यात मी तेव्हा होतो तिथे मागणी घटल्यामुळे दुसरी पाळी तात्पुरती बंद ठेवली होती. ही गोष्ट बाहेर फारशी कळू नये असा व्यवस्थापनाचा प्रयत्न होता, कारण कच्चा माल पुरवणाऱ्यांची देणी थकली होती. आमच्याकडे एक तरुण तंत्रज्ञ होता. तो घरच्या जेवणावर फार छान लिहीत असे. वडाभातावर फोडणीचे तेल कसे आणि केव्हा ओतावे यावर त्याने लिहिलेला परिच्छेद मला अजून आठवतो. एके दिवशी त्याने लिहिले की, आज रात्रीच्या जेवणाला कँटीनमध्ये आम्ही चौघेच होतो, चाळीस पोळ्या उरल्या आणि आचाऱ्याने त्या सकाळी कुस्करून फोडणीला घातल्या. बस, एवढेच. कंपनीचे नाव नाही, तक्रार नाही, उलट त्या कुस्करलेल्या पोळीचे कौतुकच होते. परंतु तो कुठे काम करतो हे सर्वांना माहीत होते. तिसऱ्या दिवशी दोन पुरवठादार थकलेले देयक मागायला दारात उभे राहिले आणि त्यातल्या एकाने मला विचारले, ‘साहेब, दोनशे माणसांच्या कँटीनमध्ये चौघंच जेवतात म्हणे?’

त्या पोळ्यांच्या संख्येवरून एका माणसाने आमचा ताळेबंद वाचला होता. जेवणाची वेळ, जेवणाऱ्यांची संख्या, रात्री उशिरापर्यंत मागवलेले पार्सल, पाहुण्यांसाठी अचानक आलेली संत्रा बर्फी, या साऱ्या गोष्टी कार्यालयात नेमके काय चालले आहे ते सांगत असतात. तुम्ही पाठवलेल्या दोन लेखांपैकी एकात, परदेशी ग्राहकाची माणसे आली असल्यामुळे आठवडाभर रात्री दहाला जेवावे लागले आणि तिखट न खाणाऱ्यांसाठी वेगळा पदार्थ करावा लागला, असे गमतीने लिहिले आहे. वाचताना मला हसू आले. पण त्या ग्राहकाचा देश, भेटीचा आठवडा आणि काम वेळेत होत नसल्याची कुणकुण, तिन्ही गोष्टी त्या एका परिच्छेदात आहेत. कंपनीचे पत्र याच लेखानंतर आले असावे, असा माझा अंदाज आहे.

आता माझी चूक सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. मी त्या तंत्रज्ञाला कारणे दाखवा नोटीस दिली आणि तिच्यात ‘विनापरवानगी लेखन करून गैरवर्तन केले’ असे ठोकून दिले. त्याने तीन ओळींचे उत्तर दिले: आपल्या स्थायी आदेशांतील, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांतील, कोणत्या कलमाखाली हे गैरवर्तन ठरते ते कृपया कळवावे. मी स्थायी आदेश दोनदा वाचले. चोरी, दारू पिऊन कामावर येणे, सवयीची गैरहजेरी, हुकूम न पाळणे, सारे होते, लेखनाविषयी एक अक्षर नव्हते. नियमांत गैरवर्तनांची यादी दिलेली असेल तर त्या यादीत नसलेल्या वर्तनाला मागाहून गैरवर्तन ठरवून शिक्षा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३-८४ च्या सुमारास ग्लॅक्सो लॅबोरेटरीज आणि ए. एल. कालरा या दोन प्रकरणांत स्पष्ट केलेले होते. ग्लॅक्सोच्या निकालात तर असेही आहे की, आवारात किंवा आवाराच्या लगत केलेल्या कृत्याविषयीचा नियम मालकाला वाटेल तितका दूर ताणता येत नाही. मला हे ठाऊक असायला हवे होते. मी नोटीस मागे घेतली, आम्ही दोघांनी चहा घेतला, त्याने ती पोळ्यांची ओळ स्वतःहून काढली आणि पुढच्या वर्षी आम्ही लेखनाविषयीचा नियम तयार केला. त्याचा पहिला मसुदा मी त्यालाच लिहायला दिला होता.

तुमच्या बाबतीत फरक एवढाच की, सॉफ्टवेअर कंपनीत बहुतेक वेळा नियुक्तीपत्र आणि त्याला जोडलेली धोरणे यांनाच महत्त्व असते. तेव्हा नियुक्तीपत्र काढून वाचा. त्यात ‘कंपनीची वेळोवेळी बदलणारी धोरणे मला बंधनकारक राहतील’ असे वाक्य जवळपास नक्की सापडेल आणि गोपनीयतेचे एक कलमही सापडेल. अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारे संविधानाचे १९(१)(क) हे कलम मुख्यतः शासनाविरुद्ध वापरायचे आहे. खासगी कंपनीशी तुमचे नाते कराराचे असते आणि तिथे त्या कलमाचा सहसा थेट उपयोग होत नाही. हे ऐकून अनेकांचा विरस होतो. परंतु कराराचे नाते म्हणजे गुलामगिरी नव्हे. करारातील अटीचा कामाशी संबंध असावा लागतो, ती आधी कळवलेली असावी लागते, आणि शिक्षा दोषाच्या प्रमाणात असावी लागते. पहिल्याच पत्रावरून कोणी नोकरी घालवत नाही. नोकरी जाते ती पत्राला उत्तर न दिल्यामुळे किंवा रागाच्या भरात त्या पत्रावरच नवा लेख लिहिल्यामुळे. ही दुसरी चूक मी किमान चार जणांना करताना पाहिली आहे.

कंपनीच्या पत्रात दोन मागण्या आहेत आणि दोन्ही जशाच्या तशा मान्य करण्याजोग्या नाहीत. ‘आवारातील कोणतीही गोष्ट’ हे शब्द इतके मोकळे आहेत की, वाहनतळाजवळच्या कडुलिंबाखाली बसून तुम्ही घरचा डबा खाल्ला हेसुद्धा त्यात येते. नियम लिहिणाऱ्याला नेमके काय नको आहे ते ठरवायचा कंटाळा आला की असे वाक्य तयार होते. माझ्या व्यवसायातील लोकांचा हा जुना आळस आहे. ‘आधीचे सर्व लेखन काढा’ ही मागणीही तशीच आहे. तुम्ही कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या साधनांवर, कामाचा भाग म्हणून नव्हे तर स्वतःसाठी लिहिलेल्या मजकुराचे स्वामित्व प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार तुमचेच आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचे पहिले स्वामित्व मालकाकडे जाते, आणि पाटवडीवरचा लेख हा काही तुमच्या नोकरीचा भाग नाही. मात्र तोच लेख तुम्ही कंपनीच्या लॅपटॉपवर दुपारी तीन वाजता लिहिला असेल तर वाद मजकुराचा न राहता वेळेचा आणि साधनाचा होतो, आणि तो तुम्ही हराल. तेव्हा हे आधी स्वतःशी प्रामाणिकपणे तपासून घ्या.

कंपनीच्या गोपनीयतेपेक्षाही मला तुमच्या लेखनातील दुसऱ्या एका गोष्टीची अधिक काळजी वाटते, ती म्हणजे शेजारी बसून जेवणारी माणसे. आपल्याकडे माणूस काय खातो आणि काय खात नाही यावरून त्याच्याविषयी फार काही कळते. कोण रोजा ठेवतो, कोणाचे श्रावण कडक आहे, कोणी पोळी सोडून ज्वारीची भाकरी सुरू केली म्हणजे साखरेचा आजार निघाला, कोणती मुलगी अचानक चिंच मागू लागली, कोणाच्या डब्यात सावजी मटण आले की कोण टेबल बदलतो, या गोष्टी टेबलावर बसलेल्या सहा जणांना माहीत असणे आणि हजार वाचकांना माहीत होणे यांत फार अंतर आहे. तुमच्या एका लेखातील ‘आमच्या टीममधली एक जण सध्या सकाळी काहीच खाऊ शकत नाही, फक्त आवळकाठी चघळते’ हे वाक्य मी तीनदा वाचले. तुम्ही नाव लिहिलेले नाही, पण तुमच्या मजल्यावर ती कोण हे न ओळखणारा एकही माणूस नसेल. तिने आपल्या वरिष्ठांना बातमी सांगितली होती का? तिची प्रसूती रजा, तिची बढती, तिला मिळणारे पुढचे काम, एवढ्या गोष्टी त्या वाक्याला टांगलेल्या असू शकतात. ते वाक्य कंपनीने सांगितले नसते तरी मी तुम्हाला काढायला सांगितले असते.

कँटीनच्या डाळीवरील टीकेचे मात्र तसे नाही. डाळ पातळ आहे असे म्हणणे हे मत आहे आणि त्याने कंपनी कोसळत नाही. तरीही एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवा. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कँटीन सक्तीचे करण्याची तरतूद होती आणि तिच्यातच कँटीनच्या व्यवस्थापन समितीवर कामगारांचे प्रतिनिधी असावेत असे म्हटले होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही संख्या १०० वर आली. ही समिती कागदावरची शोभा नव्हे. हिंगण्याच्या एका कारखान्यात सांबारात खडे निघाल्याची तक्रार समितीपुढे आली आणि आठवड्यात भाजीवाला बदलला. (नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. दक्षिणेकडून आलेल्या एका व्यवस्थापकाने ते इतिवृत्त वाचून पातेल्यात खडे कसे पडले याची चौकशी लावली होती.) तुमच्या कार्यालयात अशी समिती असेल तर तक्रार आधी तिथे लेखी द्या. अन्न शिळे असेल, कोणाला बाधा झाली असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, कारण कार्यालयातील कँटीनलाही २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाखाली परवाना किंवा नोंदणी लागते. या वाटा चोखाळून मग लिहिलेल्या माणसाकडे व्यवस्थापन वेगळ्या नजरेने पाहते; आणि प्रकरण बदनामीच्या आरोपापर्यंत गेलेच तर भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातील अपवादांचा आधार घेताना ते कागद उपयोगी पडतात.

वैयक्तिक लेखनावरून नोकरी जाण्याचे प्रकार नवे नाहीत. अमेरिकेत २००२ साली हेदर आर्मस्ट्राँग या लेखिकेची नोकरी कार्यालयाविषयी स्वतःच्या ब्लॉगवर लिहिल्यामुळे गेली आणि तिच्या ब्लॉगच्या नावावरून तिकडच्या भाषेत अशा बडतर्फीसाठी एक क्रियापदच रूढ झाले. त्यानंतर काही कंपन्या शहाण्या झाल्या. आयबीएमने २००५ साली लेखनाचे नियम वरून लादले नाहीत, तर लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच एकत्र बसून ते तयार करायला सांगितले. स्वतःच्या नावाने लिहा, मते कंपनीची नसून स्वतःची आहेत हे स्पष्ट करा, गोपनीय माहिती आणि ग्राहकांची नावे टाळा, असा त्यांचा गाभा होता. मी पुढे जे नियम लिहिले त्यांचा पाया हाच राहिला.

‘मते वैयक्तिक आहेत’ ही ओळ टाकली की झाले, असा एक समज आहे. ती ओळ टाकावीच, पण ती छत्रीसारखी आहे. पावसात कामाची, पुरात निरुपयोगी. तिच्यामुळे तुमचे मत कंपनीच्या माथी लागत नाही, परंतु फुटलेली माहिती परत आत जात नाही. टोपणनावाचेही तेच. नागपूर कितीही पसरले तरी ओळखीपाळखीने लहानच आहे, आणि ताटाच्या छायाचित्रात ओळखपत्राची फीत, टेबलावरचे बोधचिन्ह किंवा खिडकीबाहेरची इमारत दिसली की टोपणनाव संपते. कँटीनमधील छायाचित्रे सरसकट बंद करा, हा माझा तुम्हाला एकमेव कडक सल्ला आहे.

पैशाचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण धरमपेठेतील एका उपाहारगृहाने बोलावल्याचा उल्लेख तुमच्या लेखात आहे म्हणून लिहितो. फुकट जेवण किंवा मानधन घेऊन कौतुक केले तर तसे वाचकांना ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या शिफारशीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोकरीच्या काळात दुसरीकडे काम न करण्याची अट वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच मान्य केले आहे. छंद म्हणून लिहिणे आणि पैसे घेऊन लिहिणे यांत कंपनीच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. पैसे घ्यायचे असतील तर आधी विचारा.

तुमच्या बहिणीचे उत्तर वेगळे आहे आणि काहीसे उलटे आहे. शासकीय सेवकाला संविधानाचे संरक्षण तुमच्यापेक्षा अधिक आहे. सेवेत आल्यामुळे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली कामेश्वर प्रसाद प्रकरणात सांगितले आणि जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने समाजमाध्यमावरील मजकुराच्या एका प्रकरणातही तीच भूमिका घेतली. पण तिच्यावरील लेखी बंधनेही तुमच्यापेक्षा अधिक आहेत. तिला जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ लागू होतात, आणि राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये काढलेला समाजमाध्यमांविषयीचा शासन निर्णय स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये आणि वैयक्तिक मजकुरात पदनाम, बोधचिन्ह किंवा शासकीय मालमत्ता दाखवू नये, असा त्याचा रोख आहे. घरच्या अंबाडीच्या भाजीवर आणि पुडाच्या वडीवर ती खुशाल लिहू शकते. शाळेतल्या खिचडीवर, म्हणजे पोषण आहारावर, मात्र तिने लिहू नये: ती शासकीय योजना आहे, वर्गखोली शासकीय मालमत्ता आहे, आणि पंगतीत बसलेली मुले दुसऱ्याची आहेत. खिचडीविषयी काही सांगायचे असेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्यावे.

आता पत्राच्या उत्तराकडे येतो. पंधरा दिवसांची मुदत संपण्यापूर्वी उत्तर द्या आणि ते लहान ठेवा. मी असे लिहीन: ‘आपले पत्र मिळाले. माझे लेखन घरगुती जेवणाविषयी असून ते मी कामाच्या वेळेबाहेर व स्वतःच्या साधनांवर करते. ग्राहकाच्या भेटीचा उल्लेख असलेला परिच्छेद व सहकाऱ्यांविषयीची वाक्ये मी काढली आहेत. यापुढे कंपनी, ग्राहक, सहकारी व कँटीन यांविषयी परवानगीशिवाय लिहिणार नाही. उर्वरित लेखनाचा कंपनीशी संबंध नसल्याने ते काढण्याची आवश्यकता नाही असे मला वाटते. तरीही कोणत्या मजकुराला आपली हरकत आहे ते कलमासह कळवल्यास मी विचार करीन.’ शेवटचे वाक्य गाळू नका. त्यामुळे चेंडू विभागाकडे जातो, आणि चार वर्षांचे सुमारे सहाशे लेख वाचून हरकतीची यादी करायला तिथे कोणाला वेळ नसतो.

काही काढण्यापूर्वी त्या लेखांची छापील प्रत आणि तारीख जपून ठेवा, म्हणजे पुढे मागे ‘पुरावा नष्ट केला’ असे कोणी म्हणणार नाही. आवळकाठीचे वाक्य मात्र पत्राची वाट न पाहता आज रात्रीच काढा आणि उद्या जेवताना त्या सहकारी मुलीला तसे सांगून टाका.